सेठणच्या उतारावर लेझीम

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी निघोज्यात जो भेटतो तो एकच विचारतो, खरंच बर्फावर नाचलात का. मी हो म्हणते. मग विचारतात, पडलात किती वेळा. मोजता आलं नाही, असं खरं ते सांगते. पण हे कसं ठरलं आणि तिथं काय काय झालं, ते दुकानाच्या दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला घेतलं. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून झालंय. एका जागी बसणं मला जमत नाही, हे वाचणाऱ्याला आधीच कळलेलं बरं.

मी पुण्याजवळच्या निघोज्याची सून. जवळच्याच एका कंपनीत स्टोअरला काम करते. कुठला माल कधी येणार, कुठल्या शिफ्टला किती लागणार, हे दिवसभर जुळवायचं. घरी आले तरी डोकं जुळवाजुळव करतच राहतं. रविवारी सकाळी मारुतीच्या देवळामागच्या पटांगणात आम्ही अकरा बायका लेझीम खेळतो. गट उभा केला तो माझ्या चुलतसासूबाईंनी, ताराकाकूंनी. त्या सत्तावन्न वर्षांच्या. रानाचा मोठा तुकडा कारखान्यांत गेला, उरलेल्यात त्या कांदा आणि मेथी करतात, आणि लेझमाच्या वेळी पुढून तिसऱ्या जागी उभ्या राहून सगळ्या रांगेवर डोळा ठेवतात.

स्कीइंगचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते कॅन्टीनमध्ये. आमच्याकडे हिमाचलचा एक इंजिनीअर आहे. त्यानं मोबाइलवर त्याच्या गावाकडचं काहीतरी दाखवलं. वीसेक माणसं हातात झेंडे धरून, एकामागून एक, नागमोडी वळणं घेत बर्फावरून उतरत होती. मला ती सरळ लेझमाची रांग दिसली. झेंड्याऐवजी लेझीम धरलं तर काय होईल, एवढाच विचार आला आणि नंतर आठवडाभर दुसरा आला नाही.

रविवारी मी गटापुढे मांडलं. हसून झालं, मग एकीनं विचारलं की तिकडे साडी चालते का. ताराकाकू हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बर्फात ठेका धराया पाय कुठं रोवायचा?" मी म्हटलं, तेच बघायला जायचं. त्या म्हणाल्या, "मंग जाऊ. मला न्हाई तर कधी बघाया मिळायचं."

डिसेंबरअखेरीला कंपन्यांचा शटडाउन असतो, तेव्हाचे दिवस धरले. अकराजणींपैकी सातजणी पक्क्या झाल्या. मी, ताराकाकू, अंगणवाडीतल्या अनिताताई, सुषमा आणि तिच्या दोन जावा, आणि कविता.

कविताबद्दल इथंच सांगायला हवं. ती लातूरकडची, वायरिंगच्या लाइनला काम करते, आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहते. निघोज्यात माझी म्हणावी अशी मैत्रीण तीच. दोन वर्षांपूर्वी पहिल्या शिफ्टला जाताना माझ्या स्कूटरवर ती मागे बसली होती. डंपरमधून सांडलेल्या खडीवर गाडी घसरली. मला खरचटलं. तिचा घोटा मोडला, आत प्लेट बसली. त्या दिवशी उशीर झाला होता आणि मी घाईत होते. तिनं मला कधी दोष दिला नाही आणि मी कधी विषय काढला नाही. ती पुन्हा चालायला लागली, कामावर गेली, पण लेझमाच्या रांगेत आली नाही. बाजूला बसून हलगी वाजवायला लागली. मी दर रविवारी घरून तिच्यासाठी खुर्ची नेत होते.

या खुळाच्या मागे ती रांगेतली रिकामी जागा होती. स्कीचा बूट घोट्याला असा आवळून धरतो की तो हलतच नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. उड्या नाहीत, नुसतं घसरायचं. म्हणजे कविताला जमेल. हे मी कुणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही.

निघोजे: मुरमावरची तालीम

सेठण हे मनालीच्या वरचं लहानसं गाव. तिथं डोल्मा नावाची बाई स्की शिकवते, असं त्या इंजिनीअरकडून कळलं. फोनवर मी तिला चालींचा क्रम सांगितला, किती पावलं पुढे, कुठं वळायचं, कुठं बसायचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, पहले रुकना सीखो. नाचना बाद में." हे मी वहीत लिहून घेतलं आणि पुढचं पान उलटलं.

थांबायचं शिकायचं कुठं? गावाबाहेर गोदामासाठी एक प्लॉट सपाट करत होते. त्याच्या कडेला मुरमाचा लांब उतार होता. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं पाण्याचे जाड पाइप उभे चिरून, गरम करून, पुढची टोकं वर वळवून दिली. त्यावर जुन्या चपला स्क्रूनं बसवल्या. वॉचमननं पहिल्या रविवारी हाकललं. दुसऱ्या रविवारी तो स्वतःच खुर्ची टाकून बघायला बसला. सुषमा पहिल्याच घसरणीत थेट खालच्या बाभळीत गेली. अनिताताईंची सलवार गुडघ्यावर फाटली. ताराकाकू नऊवारीचा काष्टा घट्ट मारून उभ्या राहिल्या, हातभर घसरल्या आणि उभ्याच राहिल्या. कविता हलगी घेऊन वर बसली होती. मी तिला म्हटलं, तूही एकदा बघ की. ती म्हणाली, पायाचं नाही, आज बोटं दुखतायत.

माझी वही भरत चालली होती. कुणाची रजा, कुणाचे मोजे, कुठल्या दिवशी कुठली चाल. रात्रीचा भात चुलीवर लागला तरी कळायचं नाही. घरचे म्हणाले, सहल आहे की ऑडिट.

सेठण: पहिले दोन दिवस

रेल्वेचे आणि बसचे हाल सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडते. मनालीहून जीपनं वर चढताना मी प्रत्येक वळणावर बर्फ शोधत होते. देवदार होते, खाली नदीचा पांढरा पट्टा होता, समोरच्या शिखरांवर बर्फ लखलखत होता. आमच्या उतारावर मात्र वाळलेलं पिवळं गवत होतं आणि त्यात दोन गाई चरत होत्या.

डोल्मा भेटली. चाळिशीची, गालांवर उन्हानं रापलेले लाल डाग, बोलणं थोडं. यंदा बर्फ मागे पडलाय, ती म्हणाली, येईल उद्या-परवा, नाहीतर नाही येणार. इतक्या सहज म्हणाली की मला राग आला. आमच्याकडे चार दिवस होते.

तिच्याच घरी राहिलो. मधल्या खोलीत लोखंडी शेगडी, तिचा पाइप छतातून बाहेर गेलेला, आणि सगळं घर तिच्याभोवती बसलेलं. आपल्याकडे चूल एका कोपऱ्यात आणि बाई तिच्यापाशी एकटी. इथं सासरा, नवरा, पोरी, पाहुणे सगळे चुलीच्या वाट्याला. ताराकाकूंना ही व्यवस्था फार आवडली. संध्याकाळी डोल्माच्या सासूनं सिड्डू केले. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवलेले, वर तुपाची धार. ताराकाकूंनी एक तोडून बघितला आणि नागपंचमीच्या दिंडांची आठवण काढली, फक्त पुरणाऐवजी तिखटमिठाचं सारण. त्यांनी आपली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. डोल्माच्या सासऱ्यांनी सिड्डूला ती लावून खाल्ली आणि पुन्हा मागितली. नंतर खारट लोण्याचा चहा आला. काकूंनी पहिला घोट घेतला, जरा थांबल्या, मग त्यात सिड्डूचा तुकडा बुडवला आणि आमटीसारखा संपवला.

मला काही गोड लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आकाश बघत होते, मोबाइलवर हवामान बघत होते, पुन्हा आकाश. वहीतला क्रम तीनदा बदलला. बर्फ नाही तर गवतावर तालीम करू म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. सुषमाच्या जावांना बाजार बघायला खाली मनालीला जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. ताराकाकू म्हणाल्या, "वैशाली, पोरींना वाईच सोड." मी ऐकलं नाही. त्या घरात निघून गेल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुपारी अंगणात ऊन आलं. कविता हलगी घेऊन पायऱ्यांवर टेकली होती. मी आतून खुर्ची आणली आणि तिच्यापाशी ठेवली. ती उठली नाही.

"तू काय करलालीस हे?" तिनं विचारलं. चिडली की तिची लातूरची बोली वर येते. "दोन वर्षं मला खुर्ची आणून देतेस. मी मागितली का कधी?"

मी म्हटलं, पायाला त्रास नको म्हणून.

"पाय बरा आहे. मी आठ तास उभी राहून काम करते." तिनं हलगीची कड चाचपली. मग म्हणाली, "वैशाली, मी पायामुळं नाही वाजवत. मला वाजवायचंय म्हणून वाजवते."

मग तिनं सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. वर्षभर ती दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, चिंचवडहून लोकल पकडून दापोडीला जात होती. तिथं एक वयस्कर उस्ताद हलगी शिकवतात. आधी त्यांनी बाईला शिकवायला नाही म्हटलं, महिनाभर ती नुसती येऊन दारात बसली, तेव्हा त्यांनी हातात काड्या दिल्या. आता त्यांच्या ताफ्यात तिला घेतायत. सात पुरुष आणि ती. गुरुवारबरोबर रविवारही तिकडेच जाणार. हे ती मला सांगणार होती, पण सांगितलं असतं तर मी तिला दापोडीपर्यंत सोडायला आले असते, असं ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी मी जोरात चालवत होते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी मागे बसले होते की. घोटा माझा मोडला, तरी दोन वर्षं तुझं दुःख मीच सांभाळतेय. आता तुझं तू बघ."

मी खुर्ची उचलून आत ठेवली आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर चालत सुटले. पोचायचं कुठंच नव्हतं. किती चालले ते आठवत नाही. परत फिरले तेव्हा समोरची शिखरं दिसेनाशी झाली होती आणि वारा अचानक पडला होता. काहीतरी हलकं माझ्या भुवईवर येऊन बसलं. घरापर्यंत पोचेतो माझी शाल पांढरी झाली होती. दारात ताराकाकू उभ्या होत्या, तळहात पुढे करून. अबोला विसरून म्हणाल्या, "व्हय गं, ह्यो तर पिंजल्या कापसावानी हाय."

सेठण: तिसरा दिवस आणि चौथा

सकाळी गवत नव्हतं, गाई नव्हत्या, आमचा उतार एका रंगाचा झाला होता. डोल्मानं खरे बूट चढवले. ते बूट घालून चालणं म्हणजे पाय सिमेंटमध्ये उभे करून चालणं. मग थांबायला शिकवलं. पुढची टोकं जवळ, मागची लांब, ती त्याला पिझ्झा म्हणते. काकूंना नातवंडांमुळे पिझ्झा ठाऊक होता, त्यांचं लगेच बसलं. मी मात्र थांबायचं सोडून वळायचंच शिकत होते. दोनदा कुंपणात गेले, एकदा अनिताताईंना घेऊन. पडणं दुखत नव्हतं, उठणं दुखत होतं. पायांना लांबलचक फळ्या, गुडघे कुठं दुमडायचे ते कळत नाही, आणि आपण उताण्या पडलेल्या झुरळासारख्या.

दुपारी लेझीम हातात घेतलं. सहाजणींची रांग. मी सगळ्यांत पुढे, कविता खाली सपाटीवर उभी. हलगीनं थंडीत दगा दिला होता, कातडं ओल धरून सैल पडलं होतं. तिनं डोल्माच्या सासऱ्यांकडून देवदाराचे ढलपे घेतले, अंगणात जाळ केला आणि हलगी शेकत बसली. म्हातारेबुवा शेजारी बसले. त्यांच्याकडेही ढोल असाच शेकतात, त्यांनी खुणेनं सांगितलं. बोटानं टिचकी मारून दोघं आवाज ऐकत होते.

पहिल्या खेपेला मी मोठ्यानं आकडे मोजत निघाले. एक, दोन, तीन, वळा. वळले फक्त मी. मागच्या पाच सरळ आल्या आणि मी आडवी, सगळ्या एकावर एक. दुसऱ्या खेपेला मी आकडे भराभर मोजले, तर रांग दोन ठिकाणी तुटली. तिसऱ्या खेपेला सुषमाचं लेझीम हातातून सुटून एकटंच छुमछुमत खाली गेलं आणि कविताच्या पायाशी थांबलं.

ताराकाकू माझ्याजवळ घसरत आल्या. धापा टाकत होत्या, नाकाचा शेंडा लाल. त्या म्हणाल्या, "तू आकडं मोजू नगंस. ठेका पायात न्हाईच हितं. पाय आपलं जात्यात. ठेका हातात हाय, अन् हात कविताचं ऐकत्यात." मग म्हणाल्या, "तू मागं हो."

मी मागे गेले. दोन वर्षांत, किंवा त्याआधीही, मी रांगेत शेवटची कधी उभी राहिले नव्हते. पुढे काकू. मागून मला फक्त पाच पाठी दिसत होत्या.

पण त्या दिवशी ऊन गेलं, पुन्हा बर्फ सुरू झाला आणि डोल्मानं थांबवलं. उरला चौथा दिवस. दुपारी आमची जीप होती.

चौथ्या दिवशी सकाळी उताराच्या खाली गाव जमलं होतं. गाव म्हणजे पंधरावीस माणसं, लोकरीचे जाड पट्टू पांघरलेल्या बाया, दोन कुत्री. कविता त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं आधी नुसती एक काडी चालवली, फार सावकाश. आपल्याकडे मिरवणुकीत वाजते तशी हलगी ती नव्हतीच. एक ठोका, आणि मग पुढच्याची वाट बघायला लावणारी जागा. मी त्या जागेत नेहमी काहीतरी घुसवलं असतं. काकू निघाल्या. मग सुषमा, तिच्या जावा, अनिताताई. मग मी.

बर्फ फळ्यांखाली सरसरत होता. लेझमं उघडली, मिटली. काकू डावीकडे झुकल्या तसं रांगेत ते वळण एकेकीकडे पोचत माझ्यापर्यंत आलं. माझी वळायची वेळ झाली तेव्हा ती झालीय हे मला कुणी सांगायला लागलं नाही. हात खाली, हात वर. सुषमाची एक जाऊ मध्येच बसली. अनिताताई तिला वळसा घालून पुढे गेल्या, मीही गेले, आणि ती मागे बसल्याबसल्याच लेझीम वाजवत राहिली. हलगी आता दोन्ही काड्यांनी वाजत होती. खाली पोचेपर्यंत फार तर एक मिनिट लागलं असेल. चौघी उभ्या पोचलो. अनिताताई शेवटच्या हातभर जागेत पडल्या, पण ठेक्यावर पडल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डोल्माच्या सासूनं पुढे येऊन काकूंचा हात धरला, दुसऱ्या बाईनं दुसरा. त्यांची नाटी सुरू झाली. हातात हात गुंफून साखळी करायची, एक पाऊल पुढे, जरा झुलायचं, अर्धं पाऊल मागे. आपलं लेझीम अंगातलं बाहेर काढतं, ही नाटी बाहेरचं अंगात मुरवते, असं मला वाटलं. आम्ही फळ्या काढल्या आणि बूट ओढत साखळीत शिरलो. म्हातारेबुवांनी ढोल आणला. कविता आधी नुसती ऐकत राहिली, मग त्यांच्या दोन ठोक्यांच्या मध्ये स्वतःची काडी ठेवत गेली. तिचे डोळे मिटलेले होते. दोन वर्षं मी तिच्या पायाकडेच बघत आले होते. वाजवताना तिचा चेहरा कसा होतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं.

जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. घाई करायची आठवण मला कुणीतरी करून दिली.

परत

पुण्याला सकाळी उतरलो आणि चिंचवडला जाणारी लोकल धरली. सामान, ओल्या मोज्यांचा वास, काकूंच्या मांडीवर डोल्माच्या सासूनं दिलेली अक्रोडांची पिशवी. गुरुवार होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. खडकी गेल्यावर कविता उठली, हलगी खांद्याला लावली आणि बॅग ओढायला लागली. दापोडीला उतरून ती थेट उस्तादांकडे जाणार होती. डोल्माच्या सासऱ्यांकडून घेतलेला तो सावकाश ठेका बोटातून जायच्या आत त्यांना ऐकवायचा होता तिला.

"रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी इकडेच," ती म्हणाली. "तुम्ही हलगीला दुसरं कुणीतरी बघा. सुषमाची धाकटी जाऊ बघ, तिचा हात चांगला आहे."

बॅग जड होती. माझे हात पुढे झाले होते, ते मी मांडीवर घेतले. ती उतरली, तोल सावरला, पट्टा नीट केला आणि गर्दीतून जिन्याकडे निघाली. जराशी लंगडत, तशी ती लांब प्रवासानंतर लंगडतेच. मागे वळून तिनं बघितलं नाही.

गाडी हलली. काकूंनी विचारलं की आता रविवारचं कसं करायचं. मला माहीत नाही, मी म्हटलं. पिंपरी आलं, लोक चढले, एका बाईनं समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट करून विचारलं, कुणी आहे का इथं.

"नाही," मी म्हटलं. "बसा तुम्ही."